मागचा जिना

जालना,
११ जानेवारी २०२६

चि. सचिन यास अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला नकाशा मोठा करकरून पाहिला. संभाजीनगर रोडला जागा चांगली मिळाली. खाली फॅमिली रेस्टॉरंट, वर परमिट रूम, गच्चीवर बांबू लावून बसायची सोय, चालेल तुझं. भाडं नि पार्टनरशिप हा तुमचा विषय, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते किचनमागच्या जिन्याबद्दल. त्यावर तू ‘स्टोअर’ लिहिलंयस आणि दारावर कुलपाची खूण केलीयस. फोनवर विचारलं तर म्हणालास, "मामा, मागचं दार मोकळं ठेवलं की गिऱ्हाईक बिल बुडवून पळतं आणि पोरं बाटल्या लंपास करतात. सगळेच बारवाले कुलूप लावतात."

लावतात, खरं आहे. नुसते जालन्यातलेच नाही. १९४२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या क्लबला आग लागली. पुढचं दार गोल फिरणारं, ते माणसांच्या रेट्यानं अडकलं. बाजूची दारं बंद होती, कारण कुणी बिल न देता सटकू नये. ४९२ माणसं गेली. सत्तर वर्षांनी, २०१३ च्या जानेवारीत, ब्राझीलच्या सांता मारिया गावी किस नावाच्या क्लबात पुन्हा तेच. वाद्यवृंदातल्या एकानं स्टेजवर आतषबाजी पेटवली, ठिणगी छताच्या फोमला लागली. लोक दाराकडे धावले तर दारावरच्या रखवालदारांना वाटलं, बिल न देता चाललेत. सुरुवातीला त्यांनी वाट अडवली. आत-बाहेर करायला तेवढं एकच दार. २४२ मेले, बहुतेक कॉलेजातली पोरं. दोन देश, दोन काळ, आणि दोन्हीकडे माणसांच्या आड आलं ते बिल. म्हणून म्हणतो, तुला जे धंद्यातलं शहाणपण वाटतं ते फार जुनं आहे आणि फार महाग पडलेलं आहे.

आगीत माणूस जळून मरतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो आधी धुरानं मरतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला आणि छताला जो फोम चिकटवतात, तो पेटला की त्याच्या धुरात सायनाइडचा वायू असतो. दोन-चार श्वासांत माणसाचं भान जातं. त्यातच दिवे जातात. अशा वेळी माणूस आल्या वाटेनं परत धावतो, आणि ती वाट बंद दिसली की जे दार हाताला लागेल त्यात शिरतो. मुंबईला कमला मिलच्या गच्चीवरच्या पबना २०१७ च्या डिसेंबरात आग लागली तेव्हा हेच झालं. १४ जण गेले. बरेचसे स्वच्छतागृहात सापडले, गुदमरून. किसमध्येही कितीतरी जण स्वच्छतागृहातच सापडले होते. तुझ्या नकाशात मागच्या जिन्याचं दार आणि लेडीज टॉयलेटचं दार शेजारी शेजारी आहे, एकसारख्या लॅमिनेटचं. अंधारात कोण कुठलं ओळखणार?

कमला मिलचं आणखी एक. गच्चीवर बांबू, ताडपत्री, कापडी छत. अग्निशमन दलाच्या चौकशीत कारण निघालं हुक्क्याच्या निखाऱ्याचं. तुझ्याही गच्चीवर बांबूच आहे. आपल्या जालन्याच्या मे महिन्यात तो किती वाळतो हे मी तुला सांगायला नको.

गोव्याचं तर ताजंच आहे. ६ डिसेंबरच्या रात्री हडफड्याच्या क्लबात २५ जण गेले. बातम्यांत पर्यटक, पार्टी, मालक थायलंडला पळाले, हे सगळं आलं. पण मेलेल्यांत पर्यटक पाच होते. बाकीचे वीस तिथले कामगार. तळघरातल्या किचनमध्ये अडकले. वरचे काही लोकही वाट समजून खालीच उतरले. गल्ली इतकी अरुंद की बंब लांबच थांबवावे लागले. त्या बांधकामाला पंचायतीनं पाडण्याची नोटीस दिली होती, तिला वरून स्थगिती मिळाली होती. हे वाचताना मला तुझ्या किचनमधली पोरं दिसत होती. मंठ्याची, परतूरची, एखादा नेपाळचा. गिऱ्हाईक दोन तास बसतं आणि जातं. तुझा कुक रोज बारा-बारा तास त्या कुलपाच्या आत असणार.

आणि रात्री ही पोरं झोपणार कुठे, हे नकाशात नाही. माळ्यावर झोपवून बाहेरून शटर ओढायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. कमला मिलच्या आधी दहा-अकरा दिवसच साकीनाक्याला फरसाणाच्या दुकानाला पहाटे आग लागली, आत झोपलेले कामगार होते, १२ गेले. त्यांच्यावर कुणी महिनाभर चर्चा केली नाही, कारण तिथे कमला मिलसारखा कुणाचा वाढदिवस चाललेला नव्हता. तुझ्या पोरांना खोली भाड्यानं घेऊन दे. नाहीच जमलं तर शटरची किल्ली आतल्या बाजूला ठेव.

आता कागदाचं. फायर एनओसीचं काम एजंटकडे दिलंस, म्हणालास. दे. पण २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा जबाबदारी एजंटवर टाकत नाही, मालकावर आणि भोगवटादारावर टाकतो. जागा भाड्याची आहे म्हणून सुटशील असं समजू नकोस. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो. पाडव्याला उघडलंस तर तुझा पहिला जुलैत. तो घरबसल्या मिळेल, मला माहीत आहे. तरी त्या माणसाला जिन्यावर चढव, होजरीलचं पाणी सोडून दाखव म्हण. तपासणी हा सरकारचा मामला आहे असं मानून बसायचं नसतं. यंदा एक जानेवारीच्या पहाटे स्वित्झर्लंडमध्ये क्राँ-मोंतानाच्या बारमध्ये शॅम्पेनच्या बाटलीवरच्या फुलबाजीनं छताचा फोम पेटला, निदान चाळीस जण गेले, आणि मग तिथल्या पालिकेनं कबूल केलं की २०१९ नंतर तपासणीच झाली नव्हती. स्वित्झर्लंड म्हणतोय मी!

फुलबाजीवरून आठवलं. आपल्या लॉन्सवर नवरानवरी आली की जे कोल्ड पायरो उडवतात, ते तुझ्या पार्टनरला उद्घाटनाला हवेत. लॉन्सला वर आभाळ असतं. तुझ्याकडे बांबू आहे. नको म्हणून सांग.

बिलाची काळजी रास्त आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण त्याला उपाय कुलूप नाही. मागच्या दाराला आतून ढकललं की उघडणारा आडवा दांडा बसव आणि त्याला घंटा जोड. कुणी निघालं की काउंटरवर कळेल. बाटल्यांचा हिशेब रात्री बंद करताना रोजच्या रोज घे, चोरी तिथे सापडते. तरी महिन्याला दोन टेबलं बुडतील. बुडू देत. ते भाड्यात धर. स्टोअरला खालच्या गाळ्यात जागा कर. बियरचे क्रेट जिन्यात एकदा चढले की दिवाळीपर्यंत उतरत नाहीत, आणि ख्रिसमसला दुप्पट होतात.

वायरिंगचं मी येऊन बघतो. री-रोलिंग मिलमध्ये जन्म काढलाय, एसी, फ्रायर आणि साउंड एका लाइनवर टाकणारा इलेक्ट्रिशियन मला लांबून ओळखू येतो. मी येईपर्यंत फॉल्स सीलिंग लावू नका. छताला आणि भिंतीला फोम तर नकोच. आवाज अडवायला रॉकवूल मिळतं, ते पेटत नाही. थोडं महाग पडेल.

एक मात्र माझी वाट न बघता उद्याच कर. मागच्या दाराची चौकट अजून बसलेली नाही ना? फॅब्रिकेटरला सांग, दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. बिजागऱ्या कुठल्या अंगाला येतात ते त्याच्यासमोर उभं राहून बघ, कारण एकदा वेल्डिंग झालं की तो फिरवून द्यायचे पुन्हा पैसे मागतो.

ताईला आणि भावजींना नमस्कार. ताईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
मामा