मूल्य आणि किंमत

‘मूल्य’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘मूल्य : १५० रुपये’ असे छापलेले असते आणि त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत ‘मानवी मूल्ये’ हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. हे दोन अर्थ एकमेकांपासून फारसे दूर नाहीत, असे आम्हाला वाटते. ज्यासाठी माणूस काही मोजायला तयार असतो ते त्याचे मूल्य. उरलेली त्याची मते. वर्गात मूल्यांवर तासभर बोलणे आम्हा अध्यापकांना अवघड जात नाही. परंतु मूल्ये माणसाच्या निर्णयाला आकार देतात म्हणजे नेमके काय करतात, याचे उत्तर व्याख्यानात सापडत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष घेतलेले निर्णयच तपासावे लागतात.

आम्ही बार्शीटाकळीत मराठी शिकवतो. गावात कालंका देवीचे प्राचीन मंदिर आहे. तेथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ च्या सुमाराचा असून तो संस्कृतात आहे. मराठी कोरीव लेख तेव्हाही होते. तथापि पांडित्याची आणि प्रतिष्ठेची भाषा संस्कृतच होती. पुढच्या शतकात वऱ्हाडातल्याच रिद्धपूरशी जोडलेल्या महानुभाव पंथात या प्रतिष्ठेला एक साधा प्रश्न विचारला गेला. ‘स्मृतिस्थळा’तली ती आठवण मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. केशिराज संस्कृतचा जाणकार. त्याला संस्कृतात ग्रंथरचना करावयाची होती. पंथाचे आचार्य नागदेव, म्हणजेच भटोबास, यांनी त्याला थांबवले. असे केल्यास पंथातल्या म्हाताऱ्या वंचित राहतील, एवढेच कारण त्यांनी दिले.

परीक्षेच्या दृष्टीने आपण ही आठवण ‘महानुभावांचे मराठीप्रेम’ या शीर्षकाखाली शिकवतो. पण तिच्याकडे एक निर्णय म्हणून पाहिले तर निराळेच काही दिसते. कोणती भाषा अधिक प्रतिष्ठित, कोणती देशभरच्या पंडितांपर्यंत पोहोचेल, असे प्रश्न विचारले असते तर उत्तर दर वेळी संस्कृत असेच आले असते. त्या प्रश्नांपुरते केशिराजाचे बरोबरच होते. भटोबासांनी त्याची उत्तरे खोडली नाहीत. त्यांनी प्रश्नच बदलला. या निर्णयाने कोण वंचित राहील, असा तो प्रश्न होता, आणि तो विचारल्यावर उत्तर शोधावे लागले नाही. मूल्ये निर्णय घेऊन देत नाहीत. निर्णयापूर्वी कोणता प्रश्न विचारायचा, हे ती ठरवतात. आमच्या मते त्यांचे कार्य बहुधा एवढेच, आणि एवढेच पुष्कळ आहे.

अर्थात एकदा विचारलेला प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तसाच टिकतो, असेही नाही. याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. आता प्रश्न ग्रंथ जपावेत कसे, हा होता. तोही खोटा नव्हता. पण त्याचे उत्तर असे आले, की म्हाताऱ्यांसाठी मराठीत लिहिलेले वाङ्मय पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शेकडो वर्षे वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचे कोडे सोडवले, तेव्हा ते दार उघडले. परंपरा तीच, माणसेही प्रामाणिक. प्रश्न बदलला आणि निर्णय बदलला.

दुसरी कथा नरेंद्र कवीची. देवगिरीच्या रामदेवराव यादवाने त्याचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ ऐकले आणि हे काव्य आपल्या नावावर करावे, अशी इच्छा धरली. मोबदला सोन्यात मिळणार होता. कविकुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्राने नकार दिला, आणि पुढे तो दरबार सोडून भटोबासांकडे आला, अशी परंपरा आहे. या कथेचा शेवट आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘रुक्मिणीस्वयंवर’ आज नऊशेच्या आत-बाहेर ओव्यांचे उपलब्ध आहे. मूळ काव्य याहून बरेच मोठे होते, असे परंपरा मानते. म्हणजे नरेंद्राने नाव राखले, पण काव्य अपुरे राहिले. मूल्याची किंमत काय, या प्रश्नाचे इतके मोजता येणारे उत्तर मराठी वाङ्मयात क्वचितच मिळेल. वर्गात आपण नकाराचे कौतुक करतो. हरवलेल्या ओव्यांविषयी मात्र कुणी बोलत नाही.

हे सारे शिकवणाऱ्या आमच्यासमोर दर वर्षी जून-जुलैत प्रवेशाचा हंगाम येतो. आता ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे, आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. दोन्ही गोष्टींचा आम्हाला आनंद आहे. पण आमच्या टेबलापाशी आलेला प्रश्न निराळ्या भाषेत असतो. बारावी झालेली एक मुलगी आपल्या मामाबरोबर आली होती. घरी कोरडवाहू शेती, तीही दुसऱ्याची. मुलीला कवितांची आवड. कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली पुस्तके तिने वाचून काढलेली. मामांनी विचारले, “मराठी घेतलं त पुढं का भेटन जी?”

या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही तटस्थ नसतो, हे वाचकांतील अध्यापकांना सांगायला नको. विद्यार्थी कमी झाले की तासिका कमी होतात, तासिका कमी झाल्या की कार्यभार कमी होतो. साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचे अध्यापन दाखवावे लागते. आमच्या विभागात एक तरुण सहकारी तासिका तत्त्वावर शिकवतात. नेट झाले आहे, सेट झाले आहे, आणि तरीही पगार घेतलेल्या तासांपुरताच. एक विद्यार्थिनी आली काय नि गेली काय, असे त्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. तेव्हा ‘कोण वंचित राहील’ हा भटोबासांचा प्रश्न आम्ही त्या टेबलापाशी विचारला, तर त्याला दोन उत्तरे होती. मुलीला अर्धेच खरे सांगावे तर ती वंचित. पूर्ण खरे सांगावे तर कदाचित सहकारी.

खरे सांगायचे, हे विभागात आधीच ठरले होते. कारण साधे होते. सहकाऱ्याला परिस्थिती माहीत आहे, मुलीला नाही. जो जाणत नाही त्याच्या अज्ञानावर आपला विभाग चालवता येत नाही. पण त्या दिवशी ते सांगितले सहकाऱ्यांनीच. एम. ए. नंतर किती परीक्षा, प्राध्यापकपदाच्या भरतीसाठी किती वर्षांची वाट, तासिकेचे पैसे हाती यायला किती महिने, हे त्यांनी मामांना स्वतःचा हिशेब मांडून दाखवले. मग मुलीकडे वळून ते म्हणाले, “वाचन सोडू नका. त्याला प्रवेश लागत नाही.” मामांनी हात जोडले. मुलीने अकोल्याला परिचर्येच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला.

या निर्णयात विजय नाही. आमचा वर्ग एका चांगल्या वाचकाने कमी झाला, आणि त्या वर्षी सहकाऱ्यांच्या तासिकाही घटल्या. मुलगी परिचारिका होईल, तिच्या घरी नियमित पगार येईल, ही शक्यता आहे. खात्री कोणी देऊ शकत नाही. उलट एखादी मुलगी हे सारे ऐकूनही मराठीच घेते, तेव्हा तिच्या निर्णयामागे तिचे स्वतःचे मूल्य असते, आमची जाहिरात नसते. अशा मुलीला शिकवताना आमचा आवाज वेगळा लागतो, हे आम्ही अनुभवले आहे.

मूल्याधिष्ठित निर्णयाचे फळ गोडच असते, असे सुविचाराच्या फळ्यावर लिहिलेले असते. नरेंद्राच्या ओव्या तसे सांगत नाहीत. आम्ही ‘रुक्मिणीस्वयंवर’ शिकवतो तेव्हा ते जेवढे उरले तेवढेच शिकवतो, आणि अलीकडे उरले नाही त्याचाही उल्लेख करू लागलो आहोत. विद्यार्थ्यांना दोन्ही कळायला हवे. नाहीतर मूल्य म्हणजे फुकट मिळणारी वस्तू आहे, असा त्यांचा समज व्हायचा.