पलटणीच्या गावांतून

माणगाव, जि. रायगड

ती. दादांस सा. न. वि. वि.

नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगावच्या तहसील कचेरीपाशी उभा आहे. सातबारा काढायला, दाखले घ्यायला आलेली तालुक्यातली माणसे रोज त्याच्यासमोरून जातात. घाडगे याच तालुक्यातले. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. सगळे जवान मारले गेले किंवा जखमी झाले, सेक्शन कमांडर घाडगे तेवढे उभे राहिले. ते एकटे मशिनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, आणखी एकाला गोळी घातली. टॉमीगनचे मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा तीच बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले आणि जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव इटलीतल्या कासिनो इथल्या स्मारकावर कोरलेले आहे आणि पेरुजाजवळच्या माँतोने गावात 2023 साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले.

कोकणातला निवृत्त जवान ही हकिकत सांगतो तेव्हा आधी पलटणीचा आकडा येतो, 3/5 मराठा, आणि मग माणसाचे नाव. याला कारण आहे. फौजेत माणूस भरती होतो रेजिमेंटमध्ये, पण त्याचे आयुष्य जाते एका पलटणीत. पंधरा-वीस वर्षे त्याच माणसांबरोबर, त्याच लंगरात जेवण, बदली झाली तरी सगळ्या पलटणीची मिळून. निवृत्तीनंतर दोन अनोळखी फौजी एसटीत शेजारी बसले की पहिला प्रश्न गावाचा नसतो, ‘कुठली पलटण?’ असा असतो. उत्तरावरून समोरचा माणूस कोणत्या साली कुठल्या सीमेवर होता, त्याचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, कोण होता, हे जाणकाराला तिथल्या तिथे उमगते.

स्वतःच्या नोकरीविषयी मात्र हे लोक शौर्याच्या भाषेत फारसे बोलत नाहीत. सियाचिनला राहिलेला जवान थंडी सांगतो: हातमोजा न घालता रायफलीच्या लोखंडाला हात लागला तर कातडी चिकटून निघते, आणि पाणी हवे तर बर्फ वितळवावा लागतो. राजस्थानात राहिलेला जवान वाळू सांगतो, भाकरीत, डोळ्यांत, बंदुकीच्या चापात शिरणारी. रजेवर निघालेल्याच्या हाती बाकीच्यांनी घरी द्यायला दिलेल्या चिठ्ठ्या आणि निरोप, हा विषय निघाला की चेहरे खुलतात. अभिमान असतो तो या सगळ्यात टिकून राहिल्याचा. बंदूक चालवण्याचे प्रसंग वीस वर्षांत मोजके येतात, पहारा मात्र रोज असतो, आणि आठवणीही त्याच प्रमाणात येतात.

दापोली, जि. रत्नागिरी

ती. दादांस सा. न. वि. वि.

पेन्शनीत निघालेले फौजी एकत्र राहू लागले की आठवणींचे काय होऊ शकते, याचे मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण दापोलीचे आहे. कंपनी सरकारच्या काळापासून दापोली हा लष्कराचा तळ. ‘कॅम्प दापोली’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. एकोणिसाव्या शतकात इथे निवृत्त शिपायांची आणि सुभेदारांची वस्ती होती आणि त्यांत महार समाजाचे पेन्शनर पुष्कळ होते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती. शतकाच्या अखेरीस सरकारने त्यांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी पलटणी उभ्या केल्या, त्यांच्या मुलांना पलटणीचे दार बंद झाले.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर 1886 साली फौजेतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली आणि 1894 साली भरती पुन्हा सुरू करावी, अशी मागणी करणारा लष्करी अधिकाऱ्यांना उद्देशून अर्ज तयार केला. त्या अर्जाचा आधारच पेन्शनरांची सेवा हा होता. ओट्यावर बसून सांगायच्या लढायांच्या गोष्टी इथे कागदावर उतरल्या आणि हक्काचा पुरावा झाल्या. निवृत्त शिपायाच्या अभिमानाचा इतका खंबीर उपयोग महाराष्ट्रात त्याआधी क्वचितच कोणी केला असेल. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह दापोलीला राहिले आणि पुढे साताऱ्याला गेले. त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव हे त्या पेन्शनरांच्या वस्तीत वाढलेले मूल होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मागणी लगेच मान्य झाली नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, 111 महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच थोड्या वर्षांत मोडली गेली. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती ऑक्टोबर 1941 मध्ये, बेळगावात. या रेजिमेंटच्या 8 महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन श्रीलंकेत नोव्हेंबर 1987 मध्ये धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्यांचा जन्म मुंबईचा. मंडणगड, दापोली, महाड या पट्ट्यातले महार रेजिमेंटचे निवृत्त जवान आपली गोष्ट 1941 पासून सुरू करत नाहीत, त्याच्या कितीतरी मागे नेतात, आणि ते योग्यच आहे.

अपशिंगे, ता. जि. सातारा

ती. दादांस सा. न. वि. वि.

अपशिंगे गावाला सगळा सातारा जिल्हा ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतो आणि पाटीवरही तसेच लिहिलेले असते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले. सरकारने त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभारला. त्यानंतरच्या प्रत्येक युद्धात गावचा कोणी ना कोणी होता आणि आजही बहुतेक घरांतून एक माणूस फौजेत किंवा फौजेतून परतलेला असतो.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींची मोठी होळी झाली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. डिसेंबर 1915 मध्ये ती डिव्हिजन कूत-अल-अमारा इथे वेढली गेली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले, घोडे कापून खायची वेळ आली, आणि देशी शिपायांनी घोड्याचे मांस खायला कितीतरी दिवस नकार दिला. 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले असंख्य मेले. या लढाया पाहिलेले आता कोणी उरले नाही, पण तिथल्या ‘बसरा’ शहराचे नाव साताऱ्याच्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात परवापरवापर्यंत होते.

अशा घरातली आठवण जपायची जागा म्हणजे काळी पत्र्याची ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आत सगळ्यांत वर डिस्चार्ज बुक आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत, कारण तीच लागते. त्याखाली गडद हिरवी बॅरे टोपी आणि तिच्यावरचा शिंगाचा बिल्ला. तळाशी रुमालात गुंडाळलेली पदके. पदके वाचता येणाऱ्याला सगळी नोकरी तिथेच दिसते: पूर्वी स्टार असेल तर 1971 मध्ये बांगलादेशच्या बाजूला, पश्चिमी स्टार असेल तर पंजाब-राजस्थान-काश्मीरच्या बाजूला, संग्राम पदक त्या युद्धाच्या सेवेचे, नऊ वर्षांचे आणि वीस वर्षांचे दीर्घसेवा पदक वेगळे. ट्रंक उघडते तेव्हा बोलतो जवान. पण कुठले पदक कुठल्या सालचे, ते आले तेव्हा थोरला मुलगा केवढा होता आणि शेतात काय होते, हे सांगते त्याची बायको. नवरा सीमेवर असताना शेत, सासू-सासरे, मुलांची शाळा तिने एकटीने ओढलेली असते. सेवेचा हा अर्धा भाग पदकांत येत नाही आणि म्हणून तो मुद्दाम विचारून ऐकावा लागतो.

सातारा

ती. दादांस सा. न. वि. वि.

जिल्ह्याच्या ठिकाणी निवृत्त फौजी भेटतात ते सैनिक कल्याण कार्यालयात, माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यात आणि कँटीनच्या रांगेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गडबड असते, तेव्हा तर सगळा जिल्हा जमतो. नंबर यायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांत युद्धे पुन्हा लढली जातात.

1971 चे जवान आता सत्तरीच्या पुढे आहेत. साताऱ्यात त्यांच्यात ज्या लढाईचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते ती बांगलादेशातल्या जमालपूरची. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, तिचे लौकिक नाव ‘जंगी पलटण’. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली तिने ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवला. आत पाकिस्तानची 31 बलुच ही पलटण होती. 9 डिसेंबरला भारताचे ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयीचे पत्र एका स्थानिक माणसाच्या हाती आत पाठवले. पाकिस्तानी सीओ कर्नल सुलतान महमूद यांचे उत्तर आले, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. 10 डिसेंबरच्या रात्री त्या पलटणीने वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला आणि ती थेट जंगी पलटणीच्या खंदकांवर आली. रात्रभर हल्ल्यामागून हल्ले झाले. शिस्त अशी की शत्रू अगदी टप्प्यात येईपर्यंत कोणी गोळी झाडायची नाही. उजाडले तेव्हा खंदकांपुढे शत्रूचे मृतदेह पसरलेले होते आणि जमालपूर पडले.

त्याच दिवशी, 11 डिसेंबरला, सायंकाळी जमालपूरच्या दक्षिणेला, टांगाईलजवळ 2 पॅरा ही पलटण विमानांतून उतरली आणि तिने पुंगली पूल ताब्यात घेतला. ढाक्याकडे मागे हटणाऱ्या फौजेची वाट तिथे तुटली. पुढे सरकत आलेली जंगी पलटण तिला तिथेच येऊन मिळाली. 2 पॅरा म्हणजे पूर्वीची 3 मराठा, यशवंत घाडगे यांची पलटण. जंगी पलटणीलाही दुसऱ्या महायुद्धातला व्हिक्टोरिया क्रॉस होता, नामदेव जाधव यांचा. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी साथीदारांना बाहेर काढले, मग मशिनगनचे मोर्चे बंद पाडले आणि बांधावर चढून पलटणीची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. म्हणजे इटलीत लढलेल्या दोन्ही पलटणी सव्वीस-सत्तावीस वर्षांनी एका पुलावर भेटल्या. 16 डिसेंबरला 2 पॅराचे जवान ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत होते.

इतिहासाच्या पुस्तकात ही जोडणी एखाद्या ओळीत आटोपते. रांगेतला जवान ती सविस्तर सांगतो: पायांतले बूट नदीच्या पाण्याने फुगलेले, जेवण शिळ्या पुऱ्या आणि गूळ, आणि पुलापाशी समोरून मराठी शिव्या ऐकू आल्यावर सुटलेला सुस्कारा. तपशिलांत माणसागणिक फरक पडतो. पलटण, नदी, रात्र यांबाबत मात्र फरक पडत नाही.

बेळगाव, 4 फेब्रुवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

मराठा लाइट इन्फंट्री आपला दिवस 4 फेब्रुवारीला साजरा करते. 1670 साली याच तारखेला तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला. रेजिमेंटचा वंश मात्र 1768 सालच्या मुंबई शिपायांच्या पलटणीपर्यंत जातो आणि ती फौजेतल्या सर्वांत जुन्या रेजिमेंटांपैकी एक आहे. तिचे केंद्र 1922 च्या फेररचनेनंतर बेळगावला आले. ब्रीद ‘कर्तव्य, मान, साहस’. रणगर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’.

केंद्रातल्या युद्धस्मारकाला शरकतचे नाव आहे. ऑक्टोबर 1918 च्या अखेरीस मेसोपोटेमियात शरकत इथे 114 मराठा पलटणीने जी लढत दिली, तिच्यासाठी त्या एका पलटणीला 28 शौर्यपदके मिळाली. कूतची शरणागती आणि शरकतचा विजय यांत अडीच वर्षांचे अंतर आहे आणि केंद्रात दोन्हींची आठवण ठेवली जाते. रेजिमेंटने पराभव लपवलेला नाही.

निवृत्त जवान अशा दिवशी महाराष्ट्रातून, उत्तर कर्नाटकातून, गोव्यातून येतात. कोटावर पदके लावलेली असतात. स्मारकाला पुष्पचक्र वाहिले जाते, दरबार भरतो आणि मग बडाखाना. बडाखान्यात सीओपासून रंगरुटापर्यंत सगळे एकत्र जेवतात आणि निवृत्त सुभेदाराला आजचा कर्नलही ‘साहेब’ म्हणून खुर्ची देतो. जवान इतक्या लांबून येतो तो या मानासाठी. गावात त्याला कोणी पोलीस पाटलाचा भाऊ म्हणून ओळखते, कोणी सोसायटीचा वॉचमन म्हणून. इथे तो अमुक पलटणीचा हवालदार असतो.

कवायतीच्या मैदानावर आता अग्निवीर असतात. 2022 सालच्या योजनेनुसार त्यांची नोकरी चार वर्षांची आणि त्यांतल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाला पुढे कायम करतात. याविषयी जुन्या जवानांचे मत उघड आहे: चार वर्षांत शस्त्र हाताळता येते, पण पलटण अंगात मुरायला वेळ लागतो. म्हणूनच ते या मुलांपाशी आवर्जून बसतात. जमालपूरची रात्र सांगतात, कूतचा उपास सांगतात, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव कोणत्या पलटणीचे ते विचारतात, आणि उत्तर चुकले तर बरोबर उत्तर पाठ करून घेतात.

कळावे.