पाण्याचे माहेर

परवा नात शाळेची वही घेऊन माझ्यापुढे बसली. "आजोबा, आपले पाणी कुठून येते?"

"नळातून," मी म्हणालो.

"आणि नळात?"

मी अडखळलो. गिरगावच्या चाळीत जन्म गेला; पहाटे साडेचारला उठून हंडे-बादल्या भरल्या, पाण्यावरून शेजाऱ्यांशी भांडलो. पण त्या पाण्याचे माहेर कोणते, हे विचारायचे मला कधी सुचले नाही!

मग तिनेच मला शिकवले. विहार तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले १८६० साली. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. वैतरणा, भातसा असे करता करता आज सात तलाव या शहराची तहान भागवतात. विहार आणि तुळशी तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत. तिथला पालापाचोळा पाऊस जिरवतो, झाडांची मुळे माती धरून ठेवतात. नाहीतर तलाव गाळाने भरून जातील. बिबट्या हरणांना आवर घालतो, म्हणून कोवळी रोपे वाचतात. म्हणजे बिबट्या हा पाणीखात्याचा बिनपगारी नोकरच की!

मला हसू आले, आणि आमच्या वाडीतली विहीर आठवली. तिच्यात मासे होते, एक म्हातारे कासव होते. मासे डासांच्या अळ्या खात. आजही पालिकेची माणसे त्यासाठी पाण्यात गप्पी मासे सोडतात. आमच्या विहिरीत ते काम फुकट चालले होते. पण नळ आहे तर विहीर कशाला, म्हणून वाडीच्या सभेत ती बुजवायचे ठरले. हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो. आता तिथे स्कूटरी उभ्या असतात. पावसाळ्यात डबके साचते आणि संध्याकाळी डास फोडून काढतात.

"मग कासव कुठे गेले?" नातीने विचारले.

कुणीतरी ते बादलीतून नेले होते. कुठे, ते मी तेव्हा विचारले नव्हते.

तिने वहीत लिहिले, 'आपले पाणी जंगलातून येते.' शेजारी एक कासव काढले. बाईंनी खाली लाल शाईने विचारले, 'कासव कशाला?'

पालक म्हणून मी मुकाट्याने सही केली. खरे तर उत्तरही मीच लिहायला हवे होते.