दुसऱ्याच्या हाताने

पंचाहत्तरी झाली तेव्हा रविवारच्या उपासनेनंतर मंडळीने माझ्यासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना केली. पाळकसाहेबांनी नव्वदावं स्तोत्र वाचलं. माणसाच्या आयुष्याचा हिशेब त्यात सत्तर, फार तर ऐंशी वर्षांचा आहे. शेजारी बसलेली मैत्रीण कानाशी लागून म्हणाली, "म्हणजे आपण आता बोनसवर."

तोवर म्हातारपण मला जमलं आहे, अशीच माझी समजूत होती. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात मी नर्स होते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं हे हॉस्पिटल. कर्नाटकातूनही पेशंट यायचे, त्यामुळे कामापुरतं कानडी मीही शिकले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्पंज द्यायचं काम तिथे हाताला बसलं. आधी कोपर बुडवून पाणी बघायचं. जेवढं अंग पुसायचं तेवढंच उघडं करायचं, पुसून झालं की लगेच झाकायचं. पाठीला स्पिरिट लावून पावडर चोळायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठ फुटते. म्हातारे पेशंट लाजून भिंतीकडे तोंड करायचे. मी म्हणायचे, "मामा, लाजायचं काय त्यात?"

त्यात लाजण्यासारखं काय असतं, ते मला मनगट मोडल्यावर कळलं. मोरीत पाय घसरला, उजव्या हाताला प्लास्टर बसलं. "माझं मी बघते," असं सुनेला सांगून मी आत गेले खरी, पण परकराची नाडी एका हाताने सुटेना. शेवटी हाक मारावी लागली. ती आंघोळ घालू लागली आणि माझ्या सूचना सुरू झाल्या. पाणी कढत आहे, टॉवेल आधी जवळ घे, पाठ अशी नाही, अशी पूस. वाटत होती लाज, तोंडातून बाहेर पडत होता हुकूम. ती बिचारी निमूटपणे "हो आई, हो आई" करत होती.

रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तेव्हा योहानाचं शुभवर्तमान चालू होतं. शेवटच्या अध्यायात येशू पेत्राशी त्याच्या म्हातारपणाबद्दल बोलतो. त्या वेळी पेत्राला हात पुढे करावे लागणार असतात आणि त्याची कंबर दुसरंच कुणी बांधणार असतं. हे पेत्राच्या मरणाविषयी आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या रात्री मला माझी नाडीच आठवली. आणि त्यानंतर लगेच येशू त्याला आपल्यामागे यायला सांगतो. जन्मभर सेवा करणं म्हणजेच ख्रिस्तामागे जाणं, असं मी धरून चालले होते. हात पुढे करून दुसऱ्याची सेवा घेणंही त्याच वाटेवर येतं, हे तोवर ध्यानात आलं नव्हतं.

प्लास्टर निघालं, तरी बोटांत पूर्वीची ताकद काही आली नाही. माझी प्रार्थना मात्र बदलली. पूर्वी उपकार मानायचे ते नोकरी निभावली, मुलं शिकली, घर झालं याबद्दल. नाव देवाचं, पण कर्तबगारी सगळी माझी. आता झोपण्याआधी त्या दिवशी कुणी काय केलं ते आठवते. सुनेने वेणी घातली. नातवाने चष्मा शोधून दिला. रिक्षावाल्याने हात धरून चर्चच्या पायरीपर्यंत आणून सोडलं. यादी संपायच्या आत डोळा लागतो.

महिला मंडळाच्या सभेत माझी साक्ष द्यायची पाळी आली, तेव्हा हे सगळं सांगितलं. बायकांनी "आमेन" म्हटलं. बोनसवाली मैत्रीण मात्र म्हणाली, "देवाला सांगितलंस ते बरं केलंस. सुनेला सांगितलंस का? तिला मनातलं ऐकू येत नाही."

संध्याकाळी घरी जाऊन सुनेला सांगितलं. ती कणीक मळत होती. ऐकून हसली आणि म्हणाली, "मग उद्यापासून माझ्या पाण्याला नावं ठेवू नका म्हणजे झालं."

तेवढं मात्र मी कबूल केलं नाही. पाणी कढत असलं तर सांगायलाच हवं.