धानाचा भाव कोण ठरवितो?

धानाचा भाव कोण ठरवितो, असे आमच्या गावात कोणासही विचारावे, तर उत्तर बहुधा एकच मिळते: "व्यापारी!" आणि ते देणाऱ्याच्या स्वरात थोडा रागही असतो. आम्हीही बाळपणापासून हेच ऐकत आलो. परंतु वडिलांबरोबर धानाची पोती घेऊन तुमसरच्या पेठेत जाण्याचे प्रसंग येऊ लागले, तेव्हा एवढ्या उत्तराने आमचे समाधान होईना.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा. तुमसर ही येथील तांदळाची मोठी पेठ असून धान भरडणाऱ्या गिरण्याही त्या भागात पुष्कळ आहेत. लिलावाचे वेळी व्यापारी ढिगाभोवती जमतात, मूठभर धान तळहातावर चोळून दाणा पाहतात आणि बोली बोलू लागतात. प्रत्येकास माल स्वस्तच हवा असतो, यात शंका नाही. मग पहिल्याच बोलीवर सौदा का तुटत नाही? कारण शेजारी दुसरा व्यापारी उभा असतो. आपण पाच-दहा रुपये चढविले नाहीत, तर ढीग त्याच्या पदरी पडेल, ही धास्ती प्रत्येकास असते. विकणाऱ्याचीही तीच गत. तो फार अडून बसला, तर पलीकडच्या ढिगाचा धनी माल देऊन मोकळा होतो. म्हणजे घेणाऱ्यांची आपसांतील चुरस भाव वर ओढते व विकणाऱ्यांची खाली. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल ह्याने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात (पहिली आवृत्ती १८९०) मागणी व पुरवठा यांस कात्रीच्या दोन पात्यांची उपमा दिली आहे. कागद वरचे पाते कापते की खालचे, हा वाद जसा व्यर्थ, तसाच हा.

उपमा सुंदर खरी. पण पेठेत उभे राहिल्यावर ही दोन पाती सारख्या धारेची दिसत नाहीत. दिवाळीच्या सुमारास हलके धान निघते. घरात सण, मजुरांची देणी, उधारीवर आणलेल्या खताचे पैसे; सर्वांची गरज एकाच पंधरवड्यात उभी राहते आणि सर्वांच्या गाड्या एकाच वाटेने पेठेकडे वळतात. माल उदंड झाला की भाव पडावयाचाच. येथे कोणी लबाडी केलीच पाहिजे, असे नाही. भाजीवाली सायंकाळी वांगी मातीमोल देते, कारण वांगी थांबत नाहीत. धान मात्र थांबू शकते. थांबू शकत नाही तो शेतकरी! गिरणीवाल्याजवळ गोदाम असते, भांडवल असते. आज नाही तर उद्या घेईन, असे तो म्हणू शकतो.

एके वर्षी आमच्या वडिलांनी निम्मे धान विकले व निम्मे बांबूच्या ढोलीत भरून ठेवले. पावसाळ्याच्या तोंडी पेठेतील आवक मंदावली आणि भाव चढला. तथापि तो सारा लाभच होता, असे कोणी समजू नये. धान वाळून वजन घटले, उंदरांनी आपला वाटा नेला आणि मधल्या महिन्यांचे कर्जाचे व्याज डोक्यावर बसले. थांबण्यासही किंमत पडते, आणि ती ज्याच्या गाठीस आहे त्यानेच थांबावे.

ही ओढाताण कमी व्हावी म्हणून सरकार आधारभूत किंमत जाहीर करते. साधारण धानास २०२३-२४ च्या हंगामात ती क्विंटलमागे २१८३ रुपये व २०२४-२५ मध्ये २३०० रुपये होती. सरकारी केंद्र त्या दराने माल घेत आहे, तोवर त्याहून कमी भावास कोण देईल? पण केंद्र उशिरा उघडले किंवा गोदाम भरले, की गरजवंत पुन्हा पेठेची वाट धरतो. दुसरीकडून तेच सरकार खाणाऱ्याचीही काळजी वाहते. जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद करण्यात आली व सप्टेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. दूरदेशीचे गिऱ्हाईक असे दाराबाहेर राहिले, म्हणजे तांदूळ खाणाऱ्यास दिलासा मिळतो आणि पिकविणाऱ्याच्या भावास चाप बसतो. दोघेही आपल्याच गावचे; कित्येकदा एकाच घरचे.

मागणीच निघून गेली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असल्यास भंडारा शहरातील पितळी भांड्यांच्या धंद्याकडे पाहावे. कारागिरांच्या हाताचे कसब कमी झाले नव्हते. परंतु घरोघरी अ‍ॅल्युमिनियम व स्टेनलेस स्टील आले आणि पितळी गुंड माळ्यावर गेला.

यंदाचे हलके धान आमच्या खळ्यावर आले आहे. भारी धान अजून बांधीत उभे आहे. आईने वर्षाच्या खाण्याचे व बियाण्याचे धान प्रथम मोजून बाजूस काढले; ते पेठेत जावयाचे नाही. उरलेल्यापैकी किती आज न्यावयाचे व किती ढोलीत भरावयाचे, ह्याचा हिशेब वडील अद्याप करीत आहेत.