ऐंशी रुपयांचा फेरा

थोड्या पैशात धंदा सुरू करायचा विषय निघाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती लागतील?" कुणी दहा हजार सांगतं, कुणी पन्नास, आणि तेवढे जमेपर्यंत धंदा पुढे ढकलला जातो. पुण्यात पोळी-भाजी केंद्र चालवताना आणि बचत गटातल्या बायकांचे पापड, मसाले, शिवणकाम असे धंदे जवळून बघताना माझं मत असं झालं आहे की हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायचं ते हे, की आज सकाळी घातलेला रुपया परत हातात कधी येणार. तो संध्याकाळी येणार असेल तर दोन-तीन हजारांतही सुरुवात होते. तीन महिन्यांनी येणार असेल तर दोन लाखही अपुरे पडतात. जागा कोणती घ्यावी, माल कोणता करावा, गिऱ्हाईक कोणतं धरावं, कर्ज काढावं की नाही, हे सगळे निर्णय मी याच एका कसोटीवर घासून बघते, आणि हातात पैसा कमी असणाऱ्या प्रत्येकीने तसंच करावं असं मला मनापासून वाटतं.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा मुंबईच्या गिरगावातला आहे. १५ मार्च १९५९ रोजी जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्यासोबतच्या सहा जणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ऐंशी रुपये, आणि तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने आणलेले. सुरुवात चार पाकिटांनी झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे माल जाऊ लागला. 'लिज्जत'ची ही हकीकत आपल्याकडे जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतात, आणि जिद्द होतीच. मला मात्र त्यातला दुसरा एक आकडा जास्त शिकवतो. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. म्हणजे मूळ ऐंशीच्या सत्त्याहत्तर पट, आणि तीही पावसाळ्यात पापड वाळत नाहीत म्हणून चार महिने काम बंद ठेवून. विक्रीबरोबर भांडवलही थोडं वाढत गेलं असणार, त्यामुळे पैसा नेमका इतक्याच वेळा फिरला असं म्हणता येणार नाही. पण ढोबळ हिशेबानेसुद्धा तो दर थोड्या दिवसांनी पुन्हा उडदाच्या पिठात गेला, एवढं नक्की. तेच ऐंशी रुपये कुणाच्या उधारीत सहा महिने अडकले असते तर वर्षाची विक्री दोनशेच्या आसपास अडखळली असती. दुसऱ्या वर्षी या बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर ओले पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटता ठेवायचा, बाहेर पाऊस पडू दे. हा खर्च मला फार बोलका वाटतो. दुकान, पाटी, छापील खोकी यांपैकी कशावर पैसे घालण्याआधी त्यांनी जिथे फेरा थांबत होता तिथेच पैसे घातले.

उलट बाजूचा पुरावाही त्याच शहरात सापडतो, लालबाग-परळच्या खानावळींत. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या या बायकांना गिऱ्हाईक शोधावं लागत नव्हतं, हाताला चव होती, कष्टांत कसूर नव्हती. तरी त्या वर येत नव्हत्या, कारण कामगार पैसे द्यायचा पगाराला, आणि तोवर तांदूळ, तेल, मासळी आणायची वाण्याच्या उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर. जी काही चार पैशांची बचत व्हायची ती व्याजातच जायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते हे वर्म ओळखून: बायकांनी गटाने एकमेकींची हमी द्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून रास्त व्याजाने खेळतं भांडवल घ्यायचं. आता याच्या शेजारी पुण्यातली विद्यार्थ्यांची मेस ठेवून बघा. तीच आमटी, तीच पोळी, तेवढाच घाम. पण इथे मुलगा महिन्याचे पैसे आधी भरतो आणि मग ताटावर बसतो. गिरणगावातली बाई महिनाभर कामगाराला उसने देत होती. पुण्यातल्या मेसवालीला विद्यार्थी महिनाभर उसने देतो. स्वयंपाक एकच, पण पैशाची दिशा फिरली की एकीला सावकार लागतो आणि दुसरीला भांडवलही फारसं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, आणि केवळ कामगारांच्या पगारावर चालणाऱ्या खानावळींना त्याचा थेट तडाखा बसला. ज्याचं येणं बाकी असतं त्याचं संकट आपल्याही घरात शिरतं.

माझ्या धंद्यात हा फेरा रोज डोळ्यांसमोर चालतो. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या पस्तीसेक पोळ्या होतात. सकाळी किती कणीक भिजवायची हे कालच्या खपावरून ठरतं. भाजी मंडईतून त्याच दिवशी येते. साडेअकरापासून दोनपर्यंत आणि संध्याकाळी सातपासून नऊपर्यंत दोन तवे चालतात. रात्री गल्ला मोजून उद्याचं पीठ, तेल आणि भाजीचे पैसे बाजूला काढले की फेरा पूर्ण. याउलट मसाल्याचा धंदा बघा. मिरची घ्यायची उन्हाळ्यात, हंगामाला; ती वाळवायची, देठं काढायची, डंखावर कुटून आणायची, आणि विकायची वर्षभर. फायदा किलोमागे पोळीपेक्षा जास्त दिसतो, पण घातलेला पैसा परत यायला पुढचा उन्हाळा उजाडतो. साड्यांचं, तयार कपड्यांचंही तसंच. रंग आणि मापं ठेवता ठेवता अर्धं भांडवल कपाटात बसतं. म्हणून हातात अगदी थोडे पैसे असतील तर नाशवंत माल बरा, असं मी म्हणते तेव्हा बायका दचकतात. नासलं तर काय, ही त्यांची भीती खरी आहे. पण नासाडी त्याच रात्री दिसते. वीस पोळ्या उरल्या तर उद्या अर्धा किलो कणीक कमी भिजवायची, हा धडा चोवीस तासांत मिळतो. कपाटातला न खपलेला माल वास मारत नाही, त्यामुळे तो खपेल या आशेवर माणूस वर्ष काढतो आणि नुकसान कळतं तेव्हा पैसा संपलेला असतो.

यावर पहिला आक्षेप येतो उधारीचा. उधारी ठेवली नाही तर गिऱ्हाईक तुटतं, असं जुनेजाणते दुकानदार सांगतात. त्यांचं खरं आहे, पण ते त्यांच्यापुरतं. ज्याचं दुकान वीस वर्षं चालू आहे त्याच्याकडे उधारी सोसायला मागची शिल्लक आहे. नव्याने सुरू करणारीचं सगळं भांडवल म्हणजे उद्याची कणीक. ती उधार दिली की उद्या तवाच चढत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही म्हणणं जड जातं हे मी जाणते. त्यावर चाललेला उपाय आगाऊ पैशांचा: महिन्याचे डबे आधी पैसे भरून, थोड्या कमी दरात. सवलत द्यायची ती आगाऊ देणाऱ्याला. मोठ्या ऑफिसची ऑर्डर हा यातला सर्वांत गोड मोह. शंभर डबे एकदम जातात, पण बिल लावायचं महिनाअखेरीला आणि पैसे त्यांच्या सोयीने. सूक्ष्म आणि लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. कायदा चांगला आहे आणि उद्यम नोंदणी जरूर करावी. पण डबे देणारी बाई आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकावर दावा लावत नाही, हेही तितकंच खरं. आणि ४५ दिवस म्हटले तरी माझ्यासारखीला ते पंचेचाळीस फेरे आहेत.

दुसरा आक्षेप कर्जाचा. आता मुद्रा योजना आहे, २०१५ पासून 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं, मग इतकं चाचपडायचं कशाला? कर्जाला माझा विरोध नाही. अन्नपूर्णाच्या बायकांना कर्जानेच हात दिला. पण त्यांची चूल आधीपासून पेटलेली होती, गिऱ्हाईक ठरलेलं होतं, रोज किती लागतं हे तोंडपाठ होतं. बँकेच्या पैशाने सावकाराचं महाग कर्ज फेडलं गेलं. नव्या धंद्यात यातलं काहीच माहीत नसतं, हप्त्याची तारीख मात्र पहिल्या महिन्यापासून माहीत असते. शिवाय हातात एकदम रक्कम आली की ती न फिरणाऱ्या गोष्टींत जाते: गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, पोळ्या लाटायचं यंत्र. आधी दोन-चार महिने घरच्या तव्यावर फेरा कळू द्यावा, तो किती वाढू शकतो ते दिसू द्यावं, आणि मग जेवढा वाढवायचा तेवढंच कर्ज काढावं. काही धंद्यांना हे लागू होत नाही हे मी मान्य करते. पिठाची गिरणी मोटारीशिवाय चालत नाही, झेरॉक्सचं दुकान यंत्राशिवाय उघडत नाही. तिथे कर्ज पहिल्या दिवशीच लागणार. मात्र तो थोड्या भांडवलाचा धंदा नव्हेच. तो कर्जावरचा धंदा आहे आणि त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि तो घेणाऱ्यांचं म्हणणं सहसा कुणी नीट ऐकून घेत नाही. ते म्हणतात, थोड्या पैशात धंदा होतो ही फसवी भाषा आहे. भांडवल कमी पडतं तिथे बाईचं अंग पडतं. घराचं भाडं नवरा भरतो, ओटा घरचा, पाणी घरचं, मुलगी शाळेतून येऊन डबे पुसते, सासूबाई भाजी निवडतात, आणि या सगळ्याला पैसे पडत नाहीत म्हणून रात्री गल्ल्यात नफा दिसतो. हे खरं आहे. कित्येक घरगुती धंद्यांचा नफा म्हणजे न दिलेली मजुरी असते, आणि ती मजुरी बहुतेक वेळा बाईचीच असते. पण त्यावरचा तोडगा धंदा न करणं हा नाही; ती मजुरी वहीत लिहिणं हा आहे. पोळ्या लाटायला बाहेरून बाई ठेवली तर तिला तासाला किंवा शेकड्याला जे द्यावे लागतील, तेवढे स्वतःच्या नावावर रोज खर्चात टाकायचे. भाजी निवडणाऱ्या सासूबाईंच्याही नावावर टाकायचे. ओट्याचं भाडं, घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही म्हणून व्यावसायिक सिलिंडरचा दर, अन्न परवाना, पिशव्या, हे सगळं आलं. लिज्जतमध्ये पीठ घरी नेऊन लाटलेले पापड परत आणणाऱ्या सभासद बहिणीला वजनावर वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, मिळते. मजुरी आधी, नफा नंतर वाटायचा. या पद्धतीत कुणाचं अंग फुकट जात नाही, म्हणून ती मला मोलाची वाटते. स्वतःचा रोज लिहून झाल्यावर वही तूट दाखवत असेल तर दर वाढवावा किंवा माल बदलावा, आणि तरीही जमत नसेल तर धंदा बंद करावा. दुसऱ्या कुणाच्या केंद्रात पगारावर पोळ्या लाटण्यात कमीपणा काहीच नाही. तिथे निदान मजुरी तरी दिसते. बचत गटांच्या प्रशिक्षणात पॅकिंग आणि लेबल यांवर तासन्‌तास बोललं जातं. या एका नोंदीवर मात्र क्वचितच कुणी बोलतं, आणि याची मला खरोखर चीड येते.

अशा रीतीने सुरू केलेले धंदे लहानच राहतात, असंही म्हणतात. लिज्जतमध्ये आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास बहिणी आहेत हे उत्तर सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. लिज्जत आपल्याला माहीत आहे कारण ती टिकली. त्याच काळात ऐंशी-शंभर रुपयांवर सुरू होऊन बंद पडलेल्या धंद्यांची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून मी याची हमी देत नाही की फेरा सांभाळला की धंदा वाढेलच. एवढंच सांगते की स्वतःच्या थोड्या पैशांवर रोज फिरणारा धंदा मोडला तर जातात ते आठवड्याभराचे पैसे. मंगळसूत्र गहाण पडत नाही, नणंदेची एफडी मोडत नाही, आणि पुन्हा वेगळा माल घेऊन उभं राहता येतं. गरिबाला दुसऱ्यांदा प्रयत्न करायची सोय राहणं ही माझ्या दृष्टीने वाढीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

राहता राहिला गहू. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची आपल्या घरांची रीत आहे, आणि तीच धंद्यात आणायची ओढ पहिल्या शिल्लकीबरोबर लागते. किलोमागे चार-सहा रुपये वाचतात, हे बरोबर. पण मे महिन्यात विद्यार्थी गावी जातात, खप निम्म्यावर येतो, आणि नेमक्या त्याच महिन्यात सगळी शिल्लक पोत्यांत बंद होते. पंधरा दिवसांचा गहू घ्यावा, गिरणीतून ताजं पीठ आणावं. मे महिन्याचा घरखर्च आणि जूनमध्ये पुन्हा सुरू करण्यापुरती रक्कम वेगळी निघाल्यावरही पैसे उरत असतील, तर तीन महिन्यांचा भरायला हरकत नाही. वर्षाचा मी अजूनही भरत नाही.