धूर नव्हे, पराग!

दोस्तांनो, अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचं शहर आहे. जानेवारीत कधी तिथे गेलात, तर पश्चिमेकडच्या टेकड्या जरूर पाहा. बरीच झाडं निष्पर्ण झालेली असतात. ‘माउंटन सीडर’ मात्र हिरवेगार! त्यातली काही तांबूस का दिसतात? ती नर झाडं. परागकणांनी भरलेल्या इवल्या इवल्या शंकूंचा तो रंग!

हवा दमट असली, पाऊस असला, की हे शंकू गप्प मिटून बसतात. मग एके दिवशी उत्तरेकडून थंड, कोरडा वारा सुटतो. शंकू वाळून उघडतात आणि झाडातून भस्सकन ढग उठतो! नवख्याला वाटतं, रानाला आगच लागली. काहीजण तर चक्क बंबवाल्यांना फोन करतात!

हे पराग वाऱ्याबरोबर शहरात पोचले, की घरोघरी शिंका सुरू. नाक चोंदतं, डोळे चुरचुरतात. लोक म्हणतात ‘सीडर फीवर’. पण नावात ताप असला, तरी ही आहे परागकणांची ॲलर्जी. अशा दिवशी खिडक्या बंद ठेवायच्या आणि बाहेरून आल्यावर कपडे बदलून डोक्यावरून आंघोळ करायची.

आहे ना गंमत? आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, खेळायला अगदी झकास. आणि नेमका तोच दिवस शिंकांचा!